अडीच मिलिमीटर ढिलं

दूधवाला पातेल्यात दूध ओततो तेव्हा मी दुधाकडं बघत नाही, मापात बुडालेल्या त्याच्या अंगठ्याकडं बघते. मेथीवालीनं पुढची जुडी उचलून दिली की मी मागची घेते. पाहुणा दारात उभा राहून म्हणाला, "सहज आलतो," की या कोल्हापुरात भर उन्हात सहज कोण येतं, हे माझ्या मनात आधी येतं आणि पाण्याचा तांब्या नंतर. माझी मुलगी म्हणते, आई, तू देवळातसुद्धा चपलेवर एक डोळा ठेवून हात जोडतेस. खरं आहे. पण आजवर माझी चप्पल एकदाही गेलेली नाही.

यातला जन्माचा गुण किती आणि नोकरीनं लावलेला किती, ते मला सांगता यायचं नाही. शिरोलीच्या एका मशिन शॉपमध्ये मी सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. फौंड्रीतून पंपांची ओतीव कवचं यायची, लेथवर चढायची, आतून कापून निघायची आणि माझ्या टेबलावर यायची. माझ्यापुढं व्हर्नियर, गेज आणि लाल खडू. आतलं माप जरा मोठं झालेलं दिसलं की मी त्या कवचावर खडूनं 'ढिलं' असं लिहीत असे. कामगार साहेबाला घाबरत नसत, त्या दोन अक्षरांना घाबरत. घट्ट निघालेलं काम पुन्हा चढवून दुरुस्त करता येतं. ढिल्याला औषध नाही, ते भंगारातच जायचं.

आणखी एक खोड होती माझी. चांगल्या पिसांच्या ट्रेमध्ये अधूनमधून एक बाद पीस मी हळूच सरकवून देत असे. समोरचा माणूस डोळे उघडे ठेवून काम करतोय की नुसते हात हलवतोय, ते कळायला. शॉपमध्ये त्याला 'बाईंनी पेरलेला' म्हणत. बहुतेकांच्या हातून तो निसटायचा आणि मग मी बोलायचे. एक टर्नर मात्र असा होता की त्याला तो दरवेळी सापडायचा. सापडला म्हणून त्यानं कधी गवगवा केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पीस कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलेला असायचा आणि हा आपल्या मशिनवर, पाठ करून, मान खाली. असं सात वेळा झाल्यावर मी त्या पाठीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आमची दोन्ही घरं जैन, त्यामुळं पुढं फारशी अडचण आली नाही. तोच माझा नवरा.

कोल्हापुरात माणूस निवृत्त झाला की एकतर तालमीच्या कट्ट्यावर बसतो, नाहीतर गाडीखाली आडवा होतो. आमचे हे दुसऱ्या जातीचे. घरामागं पत्र्याची शेड होती, तिच्यात त्यांनी गाडी बांधायला घेतली. पाइप वाकवून, वेल्डिंग करून सांगाडा केला, एका मोडीत निघालेल्या लहान गाडीचं इंजिन मागं बसवलं, पुढं दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा. दार नाही, टप नाही. गल्लीतली माणसं येऊन बघायची आणि "ह्याला गाडी म्हणायचं का पाळणा?" असं विचारून जायची.

त्यांच्या जोडीला होता मिस्त्री. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, चाळीस वर्षांचे दोस्त. मिस्त्रीनं पुढं नोकरी सोडून उद्यमनगरात एका लेथचं स्वतःचं दुकान टाकलं. रोज चार वाजता तो आपला हत्यारांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्याकडं यायचा आणि दिवस मावळायच्या आत, म्हणजे आमचं जेवण व्हायच्या वेळेला, उठायचा. त्याला मूलबाळ नाही. माझ्या मुलीला सायकल त्यानं शिकवली, तिच्या मागं कॅरिअर धरून आख्खी गल्ली पळाला होता. मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे आणि शनिवार-रविवार येते. गाडी तयार झाली की पहिली ती चालवणार, हा शब्द तिच्या पप्पांनी पहिला पाइप कापायच्या आधीच तिला दिला होता.

म्हणून मी त्या शेडमध्ये लक्ष घालायला लागले. नाहीतर पाळणा चालला काय आणि पडला काय, मला सोयरसुतक नव्हतं. पण त्यात माझी मुलगी बसणार होती.

आता ब्रेकच्या दांडीबद्दल सांगायला हवं. या गाडीत ब्रेकचे सिलिंडर दोन, एक पुढच्या चाकांचा आणि एक मागच्या चाकांचा. पेडल मात्र एकच. म्हणून पेडलच्या मागं एक आडवी दांडी असते. ती मधोमध पेडलच्या नळीत बसवलेल्या एका गोल बेअरिंगवर टेकते आणि तिच्या दोन टोकांना आट्यांवर दोन कान असतात. एक कान एका सिलिंडरला ढकलतो, दुसरा दुसऱ्याला. दांडी फिरवली की मधला टेकू एका कानाकडं सरकतो, आणि ज्याच्या जवळ सरकला त्याला जोर जास्त मिळतो. मिस्त्री तिला दांडी म्हणतच नसे. "जू हाय ते, वैनी," म्हणायचा. "कच्च्या बैलाला लांबची बाजू द्याची, म्हंजी त्याच्यावर भार कमी." पुढची चाकं आधी धरली पाहिजेत, हा नियम. मागची आधी अडकली तर गाडी शेपटाकडून गरकन फिरते.

दांडी कुरिअरनं आली होती. नळी मिस्त्रीनं लेथवर केली आणि दोघांनी मिळून सगळं बसवलं. यांनी दांडी हातानं हलवून बघितली. कुठं हूं नाही की चूं नाही. "हे बघ, केसभर हलत न्हाय," हे मला अभिमानानं म्हणाले, आणि मीसुद्धा मान डोलावली.

पहिल्या शनिवारी गाडी टेम्पोत घालून कागलच्या वाटेवर नेली. तिथं ओळखीच्या एका कारखानदाराचा रिकामा प्लॉट आहे, आत दोनशे पावलांची डांबरी पट्टी आणि पट्टी संपली की ओढा. मिस्त्रीनं कबड्डीला आखतात तशी फक्कीची रेघ मारली. मुलगी हेल्मेट घालून बसली, हळूच निघाली आणि रेघेवर येऊन तिनं ब्रेक दाबला. वेग सायकलचाच होता. तरी मागची चाकं किंचाळली आणि गाडीचं ढुंगण ओढ्याच्या बाजूला हातभर सरकलं. मुलगी हसली. हे हसले. मिस्त्री म्हणाला, "बैल बुजला." मला काही हसू आलं नाही.

मुलगी रविवारी पुण्याला गेली. सोमवारी हे बाजारात गेल्यावर मी शेडमध्ये शिरले. दांडीबरोबर खोक्यात एक इंग्रजी कागद आला होता. तो मला चिंध्यांच्या डब्यात सापडला, ग्रीसचे हात पुसून टाकलेला. मी तो उन्हात धरून शब्द न शब्द वाचला. त्यात लिहिलं होतं की दांडी पेडल दाबताना तिरकी होते, आणि तिला तसं होता यावं म्हणून कान आणि नळी यांच्यात दोन्ही बाजूंना मोकळी फट ठेवलीच पाहिजे. फट नसेल तर दांडी अडकते आणि जो सिलिंडर आधी ताठ होईल तोच सगळा जोर खातो. आमच्याकडं मागचा आधी ताठ होत होता. म्हणजे जिचं कौतुक मी मान डोलावून केलं, ती घट्ट बसवणीच चूक होती.

कान सोडवले, आतले जाड वायसर काढले. फट मोजायला अडीच मिलिमीटरचं ड्रिल घेतलं, त्याचा गोल दांडा दोन्ही बाजूंना अलगद जाईल एवढी मोकळीक ठेवली आणि चेक नट आवळले. दांडी आता हातात खुळखुळत होती. सव्वीस वर्षं ज्याच्यावर लाल खडू ओढला ते काम मी स्वतःच्या हातानं केलं होतं, आणि तसं करताना मला कसंनुसं झालं.

मी कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? इथंच माझा स्वभाव आडवा आला. जाड वायसर घालून दांडी आवळली ती मिस्त्रीनंच, अशी माझी खात्री होती. बाईमाणसानं ब्रेकला हात लावू नये असं तो एकदा म्हणाला होता, ते माझ्या मनात सलत होतं. सांगितलं असतं तर तो "व्हय व्हय" म्हणाला असता आणि माझी पाठ वळल्यावर आपलंच खरं केलं असतं. त्यापेक्षा गप्प राहून बघू, म्हटलं. तो इंग्रजी कागद मी घडी घालून माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. पुरावा म्हणून.

मंगळवारी दुपारी ड्रिल घेऊन गेले. उजव्या बाजूला ते आत जाईना. डाव्या बाजूलाही नाही. फट बुजली होती.

माझं डोकं तापलं, पण खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं. संशय खरा ठरला की माझ्यासारख्या माणसाला पोट भरल्यासारखं होतं. मी पुन्हा सगळं सोडवलं, फट ठेवली आणि या वेळी मुलीची लाल नेलपॉलिश आणून नटावरून कानापर्यंत एक बारीक रेघ ओढली. कारखान्यात आम्ही हेच करायचो. नट कुणी हलवला की रेघ तुटते आणि खोटं बोलायची सोय राहत नाही.

त्या दोन दिवसांत मी कुणाकुणाचा संशय घेतला नाही? शेजारी पाना मागायला आला तर त्याच्या नखांत लाल काही दिसतंय का ते बघितलं. मिस्त्री चहा पिताना शेडकडं पाठ करून बसला तर वाटलं, नजर चुकवतोय. तोंड करून बसला तर वाटलं, पाळत ठेवतोय. आमचे हे तेवढे संशयाबाहेर होते. ज्याला मी पेरलेला पीस सात वेळा सापडला, तो माणूस चुकीचं काम करील हे माझ्या मनातच आलं नाही. ते आपले पहाटे उठून शेडमध्ये झाडलोट करायचे, मग फिरायला जायचे आणि येताना शिट्टी वाजवत यायचे. इतकं खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी रेघ तुटलेली होती. कान आणि नळीच्या मध्ये नवेकोरे वायसर होते, आधीच्यापेक्षा चांगले, अगदी मापात बसलेले. मी एक काढून उन्हात धरला. दोन्ही अंगांनी कड मोडलेली, बोट फिरवलं तर लोण्यासारखं. उद्यमनगरात शंभर लेथ असतील, पण वायसरची कड दोन्हीकडून मोडणारा माणूस एकच होता.

वायसर मुठीत घेऊन मी रिक्षानं थेट मिस्त्रीच्या दुकानात गेले. लेथ चालू होता. मी त्याच्या डोळ्यांपुढं मूठ उघडली.

"हे तुमचं का?"

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "माजंच की. का वो?"

"मग असं चोरून कशाला बसवलं?"

"केलं मी, वैनी. बसीवलं न्हाय."

"मग काय वायसरला पाय फुटले?"

लेथवरच्या कापाकडं बघत तो म्हणाला, "ते मला इचारू नका. वाईट काय केल्यालं न्हाय कुणी."

मी काय ऐकणार! चोर सापडला आणि तो कबूल होत नाही, एवढंच मला दिसत होतं. मी आवाज चढवला. शेजारच्या दुकानातली माणसं दारात आली. दोनदा फट ठेवली, दोनदा बुजवली, हा कसला अडाणी हट्ट, असं मी बोलले. आणि मग जे बोलायला नको होतं तेही बोलले.

"स्वतःची पोरगी बसणार असती त्यात, तर असं केलं असतं का?"

मिस्त्रीनं हात लांब करून लेथ बंद केला. पट्टा थांबू दिला. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाला, "जावा तुमी."

सायकलचं कॅरिअर धरून पळणारा तो मला रिक्षात बसल्यावर आठवला. पण मी ते मनातून झटकून टाकलं. चूक ती चूक, असं स्वतःला सांगत घरी आले.

संध्याकाळी जेवताना यांना दुकानातलं भांडण सांगितलं, कागदाचं मात्र नाही. भाकरी मोडता मोडता यांचा हात थांबला.

"असं कशाला बोललीस त्येला?"

"मग कोणी बसवलं ते वायसर? सांगा की."

त्यांनी ताटात मान घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोस्ताचा अपमान झाला म्हणून वाईट वाटलं असेल, असं मी धरून चालले. मिस्त्री त्या दिवशी आला नाही, शुक्रवारीही नाही. शुक्रवारी मी तिसऱ्यांदा फट ठेवली आणि शेडला नवं कुलूप आणून लावलं. किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला, एक यांच्याकडं. आता काळजी नाही, म्हटलं.

शनिवारी सकाळी मुलगी आली. आम्ही गाडी टेम्पोत चढवली. मी ड्रिल बरोबर घेतलं होतं, पर्समध्ये होतं. पण मी ते बाहेर काढलं नाही. ज्याच्यावर संशय होता त्याला मी हाकलला होता, कुलूप नवं होतं, मग तपासायचं काय राहिलं? उभ्या जन्मात न तपासता मी सोडलेली ती एकच गोष्ट असेल.

"पप्पा, या वेळी जरा जोरात घेऊ का?" मुलीनं विचारलं.

"घे की. आता काय भ्या न्हाय." हे माझ्याकडं बघून हसले. मी पण हसले.

ती निघाली. या वेळी सायकलचा वेग नव्हता. रेघ आली, तिनं ब्रेक दाबला. पुढची चाकं नुसती फिरत राहिली, मागची जागच्या जागी गच्च झाली आणि गाडी गरकन फिरली. पूर्ण एक वेढा, मग अर्धा. धुरळा इतका उठला की मला काही दिसेना, नुसता रबर जळल्याचा वास. मी पळत होते. साडी पायात येत होती आणि मी मुलीचं नाव घेऊन ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

धुरळा बसला तेव्हा गाडी ओढ्याकडं शेपूट करून उभी होती. मागचं एक चाक काठाच्या बाहेर, हवेत, सावकाश फिरत होतं. मुलगी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. पट्टा होता म्हणून बसली होती. मी तिला खांद्याला धरून बाहेर ओढली, तिचे हात चाचपले, पाय चाचपले, मान चाचपली. ती म्हणाली, "आई, मी ठीक आहे," आणि मग तिचे दात वाजायला लागले. तिला सावलीत बसवून पाणी दिलं. निम्मं पाणी मी तिच्या मांडीवरच सांडलं.

मग मी पर्समधून ड्रिल काढलं आणि पेडलजवळ आडवी झाले. ड्रिल आत गेलं नाही. दोन्ही बाजूंना लोण्यासारख्या कडेचे वायसर.

मी उठून यांच्याकडं बघितलं. ते ओढ्याच्या काठावर उभे होते, तोंड पांढरंफटक.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"ढिलं होतं," ते म्हणाले. "दर खेपंला ढिलं. तू मुद्दाम ठेवतेस न्हवं? मला बगायला?"

मला आधी अर्थच लागला नाही.

"पेरलेलं," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हातारपणी परत परीक्षा घ्यायला लागलीस. नेलपॉलिशची रेघ बघून तर खात्रीच झाली. म्हटलं, बोलायचं न्हाय. आपलं काम करून गप ऱ्हायाचं, जसं तवा करत हुतो. मिस्त्रीला म्हटलं, झकास वायसर चार-सहा करून दे आन वैनीला कळू देऊ नको. त्येच्याशी भांडलीस ते बी वाटलं, त्येनं मला मदत केली म्हणून. गाडी नीट थांबली असती तर आज सांगणारच हुतो."

मी ज्याला हट्ट समजत होते ती त्यांची हौस होती. रोज पहाटे ते शेडमध्ये जाऊन मी काय पेरलंय ते शोधत होते आणि पास झाल्याच्या आनंदात शिट्टी वाजवत फिरायला जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी उद्यमनगरापर्यंत घातला होता. आणि कपाटात साड्यांखाली तो कागद पडून होता. त्यातलं एक वाक्य मी सोमवारी मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, तर माझी मुलगी त्या काठापाशी गेली नसती. मी तिथंच खाली बसून रडले. राग यांचा आला होता की माझा, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मिस्त्रीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी बोलायला पायजे हुतं. भ्यालो." कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ओळखीच्या कारखानदाराच्या दोन माणसांनी गाडी काठावरून ओढून घेतली. मी यांना सगळं समजावलं. दांडी तिरकी का होते, ती अडकली की काय होतं, ढिलं हेच इथं बरोबर का आहे. त्यांनी पेडल दाबून, खाली वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग वायसर काढले. फट त्यांनी ठेवली, ड्रिल त्यांनीच घातलं. मीही घालून बघितलं. ते मी सोडणार नाही, जन्मात.

त्या दिवशी पुन्हा गाडी काढू नये असं मला वाटत होतं. पण मुलगीच उठली. "आत्ता नाही बसले तर परत कधीच बसणार नाही," म्हणाली. पहिल्यांदा चालत्या वेगानं, मग सायकलच्या, मग थोडं वाढवून. प्रत्येक खेपेला हे दांडी अर्धा आटा फिरवत होते आणि मी गुडघ्यावर बसून चाकांच्या खुणा बघत होते. पाचव्या खेपेला पुढच्या चाकांनी आधी धरलं, मागच्यांनी नंतर, आणि गाडी रेघेवरून सरळ जाऊन सरळ उभी राहिली. मुलीनं हात वर केला. मी मिस्त्री कुठं उभा आहे म्हणून वळून बघितलं, आणि मग लक्षात आलं.

नव्या गाडीपुढं नारळ वडीलधाऱ्यानं फोडायचा, आणि आमच्यात तो मान मिस्त्रीचाच. परत येताना टेम्पो तसाच उद्यमनगरात घेतला. वाटेत नारळ घेतला, पेढे घेतले. काय बोलायचं ते मी मनात दहादा घोकलं होतं. चुकले मिस्त्री, असं म्हणायचं, सरळ, शेजारच्या दुकानांतल्या माणसांदेखत, जसं त्या दिवशी बोलले होते तसंच मोठ्यानं.

तो लेथवर होता. मुलगी आधी आत गेली. त्यानं लेथ बंद केला, चिंधीला हात पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"थांबली का गाडी?"

"थांबली, काका."

"सरळ?"

"एकदम सरळ."

त्यानं डोळे मिटून एकदा मान हलवली. मग त्याला दारात आम्ही दोघं दिसलो, मी नारळ घेऊन आणि हे माझ्या मागं. आमच्याकडं ज्याला ओळखत नाही त्याला प्रेमानं 'पावणं' म्हणून हाक मारतात, रस्ता विचारणाऱ्याला, गिऱ्हाइकाला, कुणालाही. मिस्त्रीनं दोन स्टुलं पुढं ओढली, फुंकर मारून त्यांच्यावरचा कीस उडवला आणि चाळीस वर्षांच्या दोस्ताला आणि त्याच्या बायकोला म्हणाला, "या पावणं, बसा. काय काम काढलं?"